वर्ध्यात गूगलवर किती जण शोधतात? छोट्या व्यवसायांसाठी अंदाज बांधण्याची रीत

हिंगणघाटमध्ये एसी दुरुस्तीचं दुकान आहे आणि गूगलवर जाहिरात द्यायची आहे. मग ‘एसी दुरुस्ती हिंगणघाट’ असं महिन्याला किती जण शोधतात? गूगल अॅड्समधल्या ‘कीवर्ड प्लॅनर’मध्ये हे शब्द टाकले, की बऱ्याचदा ‘१० ते १००’ असं काहीतरी दिसतं, नाहीतर रकाना रिकामाच. म्हणजे गिऱ्हाईक नाही, असं मात्र नाही.

जाहिरातीवर फारसा खर्च न करणाऱ्या खात्याला प्लॅनर नेमका आकडा न देता असा पट्टा दाखवतो. दुसरं म्हणजे, घरातला एसी बंद पडला की लोक गावाचं नाव लिहीतच नाहीत. ‘एसी रिपेअर नियर मी’ एवढंच लिहितात, बाकीचं काम फोनचं लोकेशन करतं. म्हणून गावाचं नाव गाळून, मराठी, हिंदी आणि रोमन लिपीतले शब्द वेगवेगळे तपासावेत.

गावाचा आकडा मिळत नसेल तर राज्याचा घ्यावा आणि लोकसंख्येच्या प्रमाणात खाली आणावा. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, तर वर्धा जिल्ह्याची १३ लाख होती, म्हणजे सुमारे १.१६ टक्के. समजा, एखादा शब्द राज्यात महिन्याला ५,००० वेळा शोधला जातो, तर जिल्ह्याच्या वाट्याला साधारण ५८ येतात. पण राज्यात तेव्हा ४५ टक्के लोक शहरी होते, वर्ध्यात फक्त ३२ ते ३३ टक्के. एसीसारख्या शहरी गरजेसाठी ५८ऐवजी ४० धरलेले बरे. कापसाच्या बियाण्याला हा हिशेब उलटा लागेल.

गावांच्या नावांचा घोळ वेगळाच. आष्टी बीड जिल्ह्यातही आहे, कारंजा वाशीममध्येही आणि सेलू परभणीतही. ‘आष्टी मंगल कार्यालय’ या शब्दांचा राज्यभराचा आकडा पाहून कोणी खूश होत असेल, तर त्यातले बरेच जण मराठवाड्यातले असू शकतात. एजन्सीने आकडा दाखवला, की तो कुठल्या भागाचा आहे हे आधी विचारावं.

काही धंद्यांचं गिऱ्हाईक मुळात जिल्ह्याबाहेर असतं. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे. ती मागवणारा पुण्या-मुंबईतला असू शकतो. सेवाग्रामजवळ खोली शोधणाराही बहुधा बाहेरगावचाच. अशा शब्दांसाठी लोकेशन फक्त ‘वर्धा’ ठेवलं, तर खरी मागणी दिसणारच नाही.

गूगल ट्रेंड्स हंगाम कळण्यापुरतं वापरावं. तिथला १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत. त्या काळातला सर्वांत वरचा बिंदू १०० मानून बाकीचे आकडे त्या तुलनेत दिलेले असतात.

सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे छोटी चाचणी जाहिरात. शब्द ‘एक्झॅक्ट मॅच’वर ठेवावेत आणि लोकेशनमध्ये फक्त त्या भागात असलेले लोक निवडावेत. महिनाभरात जाहिरात ९० वेळा दिसली आणि ‘इम्प्रेशन शेअर’ ६० टक्के आला, तर ९० भागिले ०.६, म्हणजे सुमारे १५० वेळा ती दिसू शकली असती. प्लॅनरच्या ‘१० ते १००’पेक्षा हा आकडा जास्त कामाचा. फक्त चाचणी एप्रिल-मेमध्ये केली असेल, तर एसीवाल्याने तोच आकडा डिसेंबरसाठी धरू नये.