डिस्क कंट्रोलर व ड्रायव्हर (आरंभीच्या पीसी कार्यप्रणाली)

हार्ड डिस्कला पीसीच्या बसशी जोडणारे कार्ड म्हणजे डिस्क कंट्रोलर. कार्यप्रणालीच्या वतीने त्याच्याकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. १९८१ च्या आयबीएम पीसीत हार्ड डिस्क नव्हतीच. १९८३ च्या पीसी-एक्सटीत १० मेगाबाइटची डिस्क व झेबेकचे कार्ड आले. डॉसला वेगळा ड्रायव्हर लागला नाही, कारण कार्डावरच्या रॉममधील बायॉसच वाचन-लेखन करी.

इंटरलीव्ह : वेगाचा खरा प्रश्न येथे होता. एका ट्रॅकवर ५१२ बाइटांचे १७ सेक्टर आणि सेकंदाला ६० फेरे, म्हणजे सलग वाचता आले तर सेकंदाला सुमारे ५१० किलोबाइट. परंतु एक सेक्टर हातावेगळा होईपर्यंत पुढचा हेडखालून निघून जाई. म्हणून क्रमाने येणारे सेक्टर अंतर सोडून मांडत. एक्सटीत या मांडणीचे प्रमाण ६:१ होते, म्हणजे पुढचा सेक्टर सहाव्या जागी (सेकंदाला सुमारे ८५ किलोबाइट), तर १९८४ च्या पीसी-एटीत ३:१ (सुमारे १७०). कंट्रोलरला न झेपणारे २:१ दिले, तर प्रत्येक सेक्टरसाठी अख्खा फेरा वाट पाहावी लागे व वेग ३० किलोबाइटांवर घसरे. प्रमाण बदलायचे तर लो-लेव्हल फॉरमॅट करावे लागे. अनेक कार्डांवर तंत्रज्ञ त्यासाठी डॉसच्या डीबग प्रोग्रॅममध्ये जी=सी८००:५ टाइप करीत.

बायॉसला वळसा : बायॉस प्रोसेसरच्या जुन्या १६-बिट रिअल मोडसाठी लिहिलेले होते आणि डिस्कचे काम संपेपर्यंत प्रोसेसर अडकवून ठेवी. एका वेळी एकच काम करणाऱ्या डॉसचे त्यात अडले नाही. बहुकार्यी प्रणालींना मात्र स्वतःचे ड्रायव्हर लिहिणे भाग पडले, आणि ते एटीतील वेस्टर्न डिजिटलच्या डब्ल्यूडी-१००३ घराण्यातील कंट्रोलरांच्या रजिस्टरांवर बेतले गेले. १९९१ चा पहिला लिनक्स एटी पद्धतीचीच डिस्क ओळखे. तिचे सिलिंडर व हेड किती, हे कर्नल कंपाइल करतानाच लिहून द्यावे लागे. विंडोज ३.१ (१९९२) मधील '३२-बिट डिस्क अ‍ॅक्सेस'चा सोबतचा ड्रायव्हरही याच घराण्यापुरता होता. वीज वाचवण्यासाठी डिस्क बंद करणाऱ्या काही लॅपटॉपांवर ही सोय धोक्याची ठरे. विंडोज ९५ ला योग्य ड्रायव्हर न मिळाल्यास ते 'एमएस-डॉस कंपॅटिबिलिटी मोड'मध्ये, म्हणजे पुन्हा जुन्याच वाटेने चाले. अशा वेळी यंत्र मंदावे.

क्षमतेच्या मर्यादा : डॉसमध्ये डिस्कच्या एका विभाजनावर (पार्टिशनवर) असलेले ३२ मेगाबाइटांचे बंधन प्रथम कॉम्पॅकच्या डॉस ३.३१ आवृत्तीत (१९८७) सुटले.

स्कझी : डिस्क जोडण्याच्या या वेगळ्या पद्धतीसाठी लिनक्समध्ये १९९२ पासून ड्रायव्हर आले.

मराठी संगणन : पुण्याच्या सी-डॅकचे भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट कार्डही पीसीच्या स्लॉटमध्येच बसे, पण ते पडदा व कळफलक सांभाळी. देवनागरी मजकुराच्या फाइली डॉसच्या नेहमीच्याच मार्गाने डिस्कवर जात, त्यामुळे त्यासाठी वेगळा डिस्क-ड्रायव्हर लागला नाही.

सदोष चिपा : १९९० च्या दशकाच्या मध्यास सीएमडी-६४० व आरझेड-१००० या आयडीई (कंट्रोलर डिस्कवरच बसवणारी जोडणी) चिपांतील दोषांमुळे डेटा बिघडत असे. त्यावर उतारा ड्रायव्हरमध्येच घालावा लागला. आयडीईने कंट्रोलर डिस्कच्या अंगावर नेला, तरी रजिस्टरे डब्ल्यूडी-१००३ चीच राहिली.