विहिरीचा तळ आणि सकाळचं पाणी

५ एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन. १९२२ साली याच दिवशी केडगावात त्या प्रभूघरी गेल्या. आपल्या ग्रुपवर बडोद्याच्या मराठी घरांच्या गोष्टी येतात, त्या बहुधा गायकवाडी सरदारांच्या, कारकुनांच्या, शिक्षकांच्या. आमच्या घरात तसं कुणी नव्हतं. आमची मराठी आली ती एका दुष्काळातून.

१८९९ साली गुजरातेत पाऊस फिरकलाच नाही. विक्रम संवत १९५६ चालू होतं, म्हणून गुजराती माणसं आजही त्याला ‘छप्पनियो’ म्हणतात. गुरं मेली, मग माणसं. रमाबाईंची माणसं केडगावहून गुजरातेत आली आणि निराधार मुलींना घेऊन गेली. त्यांत सात-आठ वर्षांची एक पोर होती, ती माझी पणजी. आई-बाप कोण, गाव कुठलं, तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. केडगावात ती मराठी शिकली, दळण-कांडण शिकली, वाचायला शिकली. पुढे मराठी ख्रिस्ती घरात लग्न झालं. तिचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेच्या नोकरीत बडोद्याला आले. म्हणजे गुजरातेतून गेलेली पोर मराठी होऊन परत गुजरातेत आली! गुजराती ती पार विसरली होती, पण विहिरीला मात्र ‘कूवो’च म्हणायची.

ही विहिरीची गोष्ट मला आजीनं सांगितली. १९८०च्या दशकात बाबांची गिरणी बंद पडली. थकलेले पैसे आज देतो, उद्या देतो चाललेलं. आई शिवणकाम करायची. मी चौदा वर्षांचा, तोंड सदा वाकडं. नाताळला नवे कपडे नाहीत, डाळीत नुसतं पाणी, चाळीतल्या सगळ्यांकडे टीव्ही आणि आमच्याकडे नाही. एक दिवस जेवताना ताट सरकवलं. आजी रागावली नाही. म्हणाली, “बस इथं. सासूबाईंच्या कूव्याचं सांगते.”

तिनं सांगितलं ते पुढे मला रमाबाईंच्या लिखाणाच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकांतही सापडलं. १९०० साली मुक्ती सदनात सुमारे १९०० माणसं होती. वर गुरंढोरं, आणि नव्या इमारतींच्या कामालाही पाणी लागायचं. दुष्काळ केडगावकडेही होताच. संध्याकाळी विहिरींत तळ दिसायचा. सकाळी पाहावं तर त्या दिवसापुरतं पाणी झिरपून आलेलं असायचं. संध्याकाळी पुन्हा तळ. पणजी म्हणायची, रात्री आम्ही पोरी भीत भीत निजायचो आणि सकाळी आधी कूव्याकडे पळायचो.

बायबलमध्ये निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात अशीच गोष्ट आहे. मिसरच्या गुलामीतून सुटून महिना होतो न होतो तोच लोक रानात कुरकुर करू लागले. गुलामीतली मांसाची भांडी त्यांना आठवली, पाठीवरचे फटके आठवले नाहीत. देवानं मान्ना दिला, पण रोजचा रोज. उद्यासाठी लपवून ठेवला त्यांच्या मान्न्यात किडे पडले. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा. प्रभूच्या प्रार्थनेतही आम्ही भाकर मागतो ती आजचीच, वर्षाची नाही.

पण माझ्यातल्या चौदा वर्षांच्या पोरानं तेव्हा विचारलंच, “मग गप्प बसायचं का? बाबांचे पैसे मागायचे नाहीत?” आजी म्हणाली, “मागायचे. का नाही मागायचे?”

याचं उत्तर मला रमाबाईंच्याच चरित्रात मिळालं. जॉर्ज म्यूलर यांच्याबद्दल त्यांनी वाचलं होतं. इंग्लंडात ब्रिस्टलला त्यांनी हजारो अनाथ मुलं सांभाळली, ती माणसांपुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या भरवशावर. रमाबाईंनी तोच मार्ग धरला. पण भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. केडगावात शेती होती, विहिरी खणल्या होत्या, माग होते, छापखाना होता. बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मूळ भाषांवरून केलं आणि ते तिथल्या बायकांनीच छापलं. आणि अन्याय दिसला तिथे त्या बोलल्याच. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, तेव्हा प्लेगच्या सरकारी बंदोबस्तात मुलीबाळींचे जे हाल झाले त्यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं. गोऱ्या सरकारला न भिता.

कुरकुर वेगळी आणि तक्रार वेगळी, हे मला तिथे कळलं. तक्रार ज्याच्याकडे करायची त्याच्या तोंडावर, एका कामासाठी. कुरकुर पाठीमागे, कशासाठीच नाही, आणि ती ऐकावी लागते घरच्यांना. माझी कुरकुर आई ऐकत होती, रात्री दोनपर्यंत मशीन चालवणारी. बाबांनी अर्ज केले, खेटे घातले, काही पैसे मिळाले, काही बुडाले. त्या तीन वर्षांत चूल मात्र एकही दिवस विझली नाही. कुठून कुठून यायचं. चर्चमधल्या एका बाईंनी तांदूळ पाठवले, शेजारच्या गुजराती मासीनं माझी परीक्षेची फी भरली.

एक गोष्ट लपवत नाही. छप्पनियोत पणजीचे आई-बाप वाचले नाहीत, आणि वाचलेल्या मुलींतल्याही कितीतरी केडगावला पोचून दगावल्या. त्यांच्या विहिरीला पाणी का नाही आलं? हे मी आजीला विचारलं होतं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “सासूबाईंनाही हेच विचारलं होतं मी. त्या म्हणाल्या, ते मी देवालाच विचारीन. तोवर मला मिळालेलं पाणी मी सांडणार नाही.” रमाबाईंचे स्वतःचे आई-वडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीनं गेले होते. भुकेल्या पोरीला त्यांनी दारातून परत का पाठवलं नाही, ते यावरून समजतं.

आज माझं घर बरं चाललंय. तरी नळाला पाणी उशिरा आलं की जीभ सुटतेच. मग पणजीचा ‘कूवो’ आठवतो आणि आधी बादली भरून घेतो. पाणीपुरवठ्याला फोन नंतर करतो, पण करतो!

तुमच्या घरात छप्पनियोच्या किंवा केडगावच्या आठवणी असतील तर जरूर लिहा. आमच्या पणजीचं गाव अजून सापडलेलं नाही.