दाढ काढण्याआधीची रात्र

मराठीत ‘दात काढणे’ याचे दोन अर्थ होतात. एक हसण्याचा, दुसरा दातांच्या डॉक्टरकडचा. ज्याला उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे, त्याला आज रात्री पहिला अर्थ आठवतही नाही. गाल उशीत खुपसलेला, जिभेचं टोक पुन्हा पुन्हा त्याच दाढेवर आणि झोपेचा पत्ता नाही. घरचे म्हणतात, ‘‘एवढं काय घाबरायचं त्यात? भूल देतात की आता!’’ त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी भीती जात नाही. का जात नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत ही भीती शहाणपणाचीच होती. हे काम बहुतेक ठिकाणी न्हाव्याच्या नाहीतर जर्राहाच्या हाती असे. दोघांनी धरायचं आणि एकाने ओढायचं. वेदना ज्याला सोसवत नाही त्याला शस्त्रक्रियेआधी कडक मद्य पाजावं, असं सुश्रुताने सांगून ठेवलं आहे. कॉर्डोबाजवळ राहणारा अबुल कासिम अल-झहरावी हा शल्यवैद्य इ. स. १००० च्या सुमारास ‘किताब अल-तसरीफ’ हा तीस भागांचा ग्रंथ लिहून गेला. त्यात दात काढण्याच्या हत्यारांची चित्रं आहेत; पण हत्यारांच्या जोडीने सावधगिरीही आहे. दात काढायची घाई करू नका, आधी सगळे उपाय करून पाहा, कारण त्याच्या जागी दुसरा येत नाही. आणि रोगी दाखवेल तोच दात दुखरा असं धरू नका. कळ माणसाला फसवते, तो चांगल्याच दाताकडे बोट दाखवतो आणि अडाणी न्हावी तोच उपटून मोकळा होतो. आज डॉक्टर आधी एक्स-रे काढायला सांगतात, त्यामागे हीसुद्धा एक शंका असते. म्हणजे रुग्णाला भीती वाटते एवढंच नव्हे, तर ती वाटायला कारण आहे, हे हजार वर्षांपूर्वी एका वैद्याला कळलं होतं.

राजाराण्यांचीही यातून सुटका नव्हती. १५७८ चा डिसेंबर. आपल्याकडे अकबराची राजवट होती, तिकडे इंग्लंडात पहिली एलिझाबेथ. राणीची दाढ ठणकत होती, झोप उडाली होती, वैद्य म्हणत होते काढायलाच हवी. आणि राणी तयार होईना. लंडनचे बिशप जॉन एल्मर तिथे होते. वय झालेलं, तोंडात फार दात उरलेले नव्हते. त्यांनी शल्यवैद्याला बोलावलं आणि राणीसमोर स्वतःचा एक दात काढून दाखवला. मग राणीने तोंड उघडलं. स्ट्राइप नावाच्या चरित्रकाराने ही हकीकत नोंदवली आहे. राणीला उपदेश त्यांनाही करता आला असता, धर्मगुरूच ते! पण भ्यालेल्या माणसाला उपदेश पोचत नाही, दुसऱ्याचं उदाहरण डोळ्यांनी पाहिलं तर पोचतं. लहान मुलाच्या आधी मोठ्या भावाला खुर्चीत बसवणारे डॉक्टर आज तेच करतात.

वेदनेवरचा उपाय मात्र एका दंतवैद्यानेच शोधला आणि तोही स्वतःच्या दातावर. अमेरिकेत हार्टफर्ड गावी होरेस वेल्स लाफिंग गॅसचा एक खेळ पाहायला गेला होता. हुंगलेला एक तरुण धावताना पायाला मार बसूनही बेफिकीर होता. बाकीचे प्रेक्षक दात काढत होते. वेल्सच्या डोक्यात दात काढणंच आलं. (मराठीचे दोन्ही अर्थ असे एका रात्रीत एकत्र आलेले मला दुसरीकडे कुठे सापडले नाहीत.) दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबर १८४४ रोजी, त्याने तो वायू हुंगून आपली दाढ सहकाऱ्याकडून काढवून घेतली. तेव्हा आपल्या नागपुरात तिसरे रघूजी भोसले गादीवर होते. पुढच्याच महिन्यात बोस्टनला जाहीर प्रयोग फसला, रुग्ण ओरडला, लोकांनी वेल्सची हुर्यो उडवली. १८४८ मध्ये खचलेल्या अवस्थेत त्याचा अंत झाला. १८४६ मध्ये त्याचाच जुना भागीदार मॉर्टन ईथर देऊन नावाजला गेला. आधी दाढ काढूनच त्यानेही खात्री करून घेतली होती.

मग क्लोरोफॉर्म आला आणि भीतीला नवं कारण मिळालं. दाढ काढण्यासारख्या किरकोळ कामातही कधी कधी धडधाकट माणूस खुर्चीतच दगावे. याचा छडा लावायचा मोठा प्रयत्न आपल्या शेजारी, हैदराबादेत झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला आणि सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ मध्ये दोन आयोग बसले. श्वासावर लक्ष ठेवा म्हणजे हृदयाला धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष. तो पुरता खरा ठरला नाही. १९११ च्या सुमारास इंग्लंडात लेव्ही यांनी दाखवून दिलं, की भूल अर्धवट असताना शरीरात अॅड्रेनालिन उसळलं तर हृदय बंद पडू शकतं. अॅड्रेनालिन म्हणजे भ्यालेल्या शरीरातलं रसायन. किरकोळ कामाला थोडीच भूल पुरे, असं समजत आणि भेदरलेला माणूस त्यात सापडे. भीतीने माणूस मरतो हे आपण बोलण्यात म्हणतो, पण क्लोरोफॉर्मच्या काळात ते अक्षरशः खरं होतं.

१९०५ पासून नोव्होकेनची सुई, १९४३ मध्ये लिग्नोकेनचा शोध, पुढचा इतिहास सोपा आहे. रुग्ण झोपत नाही, फक्त तेवढी जागा बधिर होते. धोका गेला, वेदना गेली. पण रुग्ण जागा राहिला! चिमटा दिसतो, हत्यारांचा आवाज येतो.

शिकलेले हात मिळायलाही वेळ लागला. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेतून शिकून आले आणि त्यांनी १९२० मध्ये कोलकात्याला देशातलं पहिलं दंत महाविद्यालय काढलं. ‘न्यू यॉर्क सोडा फाउंटन’ नावाचं आईस्क्रीमचं दुकान चालवून ते त्याचा खर्च भागवत. दातांसाठी आईस्क्रीम कामी आल्याची ही बहुधा एकमेव नोंद! नागपूरला मेडिकलच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय यायला १९६८ उजाडावं लागलं. म्हणजे आज साठी-सत्तरीत असलेल्या अनेक वैदर्भीयांच्या आजोबांनी दाढ काढून घेतली ती बिनभुलीची. त्यांनी ती गोष्ट घरी सांगितली, ऐकणाऱ्यांनी पुढे सांगितली. वरची दाढ काढली की डोळे जातात, ही समजूतही तशीच चालत आली. दाताची नस वेगळी, दृष्टीची वेगळी; पण हे सांगून पटत नाही, कारण सांगणारा परका आणि समजूत घरची असते.

१९६९ मध्ये नॉर्मन कोरा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ही भीती मोजायला चार प्रश्न तयार केले. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल? बाहेर नंबरची वाट पाहताना? खुर्चीत बसल्यावर डॉक्टर ड्रिल तयार करत असताना? दात साफ करायची हत्यारं काढली जात असताना? नीट पाहा, चारही प्रश्न आधीचे आहेत. प्रत्यक्ष काम सुरू झाल्यावरचा एकही नाही.

या वाट पाहण्याला भिऊनच आपण तारीख पुढे ढकलतो. लवंगेचं तेल लावतो, गोळ्या घेतो, आणि आमच्या विदर्भात खर्राही सुरूच ठेवतो. एक दिवस गाल सुजतो. गोम अशी, की पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे सुई नीट चढत नाही. मग खरंच दुखतं. माणूस घरी येऊन सांगतो, ‘‘सुई देऊनही दुखलं!’’ ऐकणारा आपली तारीख वर्षभर पुढे नेतो.

म्हणून सूज येण्याआधी जावं. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडं खाऊन जावं. बी.पी., साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सगळं सांगावं आणि ‘भीती वाटते’ हेही त्याच यादीत, न लाजता सांगावं. सुईनंतर छाती थोडी धडधडली तर ते बहुधा औषधातल्या अॅड्रेनालिनमुळे असतं, काही मिनिटांत ओसरतं. आणि बधिर झालेल्या जागी कळ थांबते, दाब थांबत नाही. दाढ हलवताना तो जाणवतो, त्यालाच पुष्कळजण दुखणं समजतात. खरोखर दुखलं तर डावा हात वर करायचा, हे खुर्चीत बसतानाच डॉक्टरांशी ठरवून घ्यावं. हात वर झाला की ते थांबतात आणि आणखी थोडं औषध देतात.