पुण्यातले चित्रपटशिक्षण : उमेदवारीपासून मायनरपर्यंत

प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली, तेव्हा चित्रपट शिकायची एकच रीत होती : कोणाच्या तरी हाताखाली उमेदवारी करायची. दामले आणि फत्तेलाल हे प्रभातचे दोन आधारस्तंभ स्वतः बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले, आणि शांतारामबापूही तिथलेच. एरंडवण्याच्या माळावर उभारलेल्या स्टुडिओत तीच परंपरा पुढे चालली. लॅबोरेटरी, ध्वनिमुद्रण, संकलन, रंगपट, सगळे एका आवारात असल्यामुळे नवखा मुलगा एका खात्यात लागला तरी बाकीची खाती त्याच्या नजरेखालून जात. गुरू दत्त १९४४ च्या सुमारास प्रभातमध्ये नोकरीला लागले, ते याच पद्धतीने शिकले. या शिक्षणाला अभ्यासक्रम नव्हता आणि प्रमाणपत्रही नव्हते. चित्रपट करता आला की झाले. त्याविषयी बोलता यावे ही अपेक्षा कोणाची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५१ मध्ये आला. चित्रपटाच्या शिक्षणासाठी शासकीय संस्था असावी, ही तिची एक महत्त्वाची शिफारस. ती अमलात यायला जवळजवळ दहा वर्षे लागली. दरम्यान प्रभात बंद पडली आणि तिचे आवार रिकामे झाले. १९६० मध्ये तिथेच फिल्म इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी वर्ग भरू लागले. सुरुवातीचे प्राचार्य होते गजानन जागीरदार. प्रभातच्याच पडद्यावर ‘रामशास्त्री’मधले रामशास्त्री रंगवणारे. पुढे संस्थेच्या नावात दूरचित्रवाणीची भर पडून एफटीआयआय हे आजचे नाव रूढ झाले. दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन असे विभाग करून शिकवणारी ही संस्था मुळात कारागिरीची शाळा होती. उमेदवारीची जागा वेळापत्रकाने घेतली, इतकाच फरक प्रथमदर्शनी दिसे.

खरा फरक चित्रपट पाहण्याच्या शिक्षणाने पडला. आग्र्याला फिल्म सोसायटी चालवणारे प्राध्यापक सतीश बहादूर १९६३ मध्ये संस्थेत आले आणि पुढची वीस वर्षे रसास्वाद शिकवत राहिले. चित्रपट एकदा पाहून त्यावर मत देणे हा त्यांच्या लेखी अभ्यासच नव्हे. एखादा प्रसंग निवडायचा, तो पुन्हा पुन्हा चालवायचा, कॅमेरा कुठे ठेवला आहे, शॉट कुठे तुटतो, आवाज केव्हा आत येतो, हे शॉटमागून शॉट तपासायचे, अशी त्यांची रीत. ‘पथेर पांचाली’ हे या विच्छेदनाचे आवडते उदाहरण. मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटायचे कारण नाही. कवितेचे रसग्रहण शाळेपासून ओळीओळीने होत आले आहे. वेगळे होते ते साधन. कवितेचे पुस्तक कोणालाही विकत घेता येई. चित्रपटाची प्रिंट, प्रोजेक्टर आणि संकलनाचे टेबल मात्र संस्थेच्या आवाराबाहेर मिळणे जवळजवळ अशक्य होते. याच काळात ऋत्विक घटक उपप्राचार्य म्हणून थोडा काळ इथे होते. मणि कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम यांच्यावरचा त्यांचा प्रभाव सर्वज्ञात आहे. घटकांच्या दंतकथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्या मानाने बहादूरांच्या वर्गाची चर्चा कमी होते, हा अन्यायच म्हणायचा, कारण दिग्दर्शक न होणाऱ्यांनाही चित्रपट शिकता येतो हे त्या वर्गाने सिद्ध केले.

पाहण्याच्या शिक्षणाला भांडार लागते. ते १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या रूपाने पुण्यातच सुरू झाले. पुढच्या वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले आणि १९९१ पर्यंत त्यांनी ते अक्षरशः डबा डबा करून वाढवले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे, ‘कालिया मर्दन’, बंद पडलेल्या स्टुडिओंचे अवशेष, परदेशी संग्रहालयांशी देवघेव करून मिळवलेले चित्रपट, असा तो साठा. नायरांवर २०१२ मध्ये ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट निघाला. जपण्याच्या कामात तोटेही झाले : जानेवारी २००३ मध्ये प्रभातकाळच्या जुन्या व्हॉल्टला आग लागून नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. लॉ कॉलेज रस्त्यावरचा जयकर बंगला ही संग्रहालयाची जुनी ओळख. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचे नाव त्या वास्तूला आहे. विद्यापीठाशी या अभ्यासाचा संबंध बराच काळ एवढाच होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

संग्रहालय आणि संस्था यांनी मिळून सत्तरच्या दशकात उन्हाळी रसास्वाद अभ्यासक्रम सुरू केला. मुदत साधारण महिन्याभराची, वेळ मे-जूनची, म्हणजे महाविद्यालयांच्या सुटीची. दिवसा व्याख्याने आणि उतारे, संध्याकाळी पूर्ण चित्रपट, मग चर्चा. प्रवेश घेणारे देशभरातून येत : प्राध्यापक, पत्रकार, फिल्म सोसायटीचे कार्यकर्ते, डॉक्टर, बँकेतले कर्मचारी, पदवीचे विद्यार्थी. प्रत्येकाचा मुख्य विषय किंवा व्यवसाय दुसराच असे आणि तो सोडायचा कोणाचा विचार नसे. आज पदवीला मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून जे शिकवले जाते त्याचे स्वरूप याहून फार निराळे नाही. इथे श्रेयांक मात्र मिळत नसत. संग्रहालयाच्या वितरण विभागातून १६ मिलिमीटरच्या प्रिंट फिल्म सोसायट्यांना मिळत, आणि परतलेल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी आपापल्या गावी त्या दाखवल्या. पुण्यात आशय फिल्म क्लबने आणि मुंबईत प्रभात चित्र मंडळाने हे काम मराठी प्रेक्षकांपर्यंत नेले. अभ्यासाचे मराठी लेखनही याच वातावरणातून आले. एफटीआयआयमध्ये शिकलेल्या अरुण खोपकरांचे ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक १९८५ चे, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००२ पासून पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला आणि जगाचा चित्रपट पाहायला संग्रहालयाचे दार हा एकच मार्ग उरला नाही.

विद्यापीठ या सगळ्यात उशिरा उतरले. १९६४ मध्ये सुरू झालेला रानडे इन्स्टिट्यूटमधला विभाग पत्रकारितेचा. चित्रपट आला तो संज्ञापनाचे एक माध्यम म्हणून. कला शाखेतला विद्यार्थी एक विषय स्पेशल घेई, बाकीचे जनरल. त्या याद्यांत मराठी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र होते, चित्रपट नव्हता. कोलकात्यात जादवपूर विद्यापीठाने १९९३ मध्ये चित्रपट अभ्यासाचा स्वतंत्र विभाग काढला. पुण्यात तसे लवकर झाले नाही, याचे एक कारण म्हणजे शेजारीच असलेली नामांकित संस्था : ते काम तिकडे होतेच आहे, अशी समजूत. चित्रपट म्हणजे करमणूक, ती कसली अभ्यासायची, हा शिष्ट समज दुसरे कारण. तिसरे कारण निव्वळ व्यावहारिक होते. प्रिंट आणि प्रोजेक्टरविना वर्ग घेता येत नव्हता. व्हिडिओ कॅसेट, मग डीव्हीडी आणि नंतर इंटरनेट आल्यावर ती अडचण संपली. बहादूरांना संकलनाच्या टेबलावर जे करावे लागे, ते कोणत्याही वर्गात प्रोजेक्टरच्या पडद्यावर करता येऊ लागले.

पदवीच्या चौकटीत मुख्य आणि जोडविषय अशी मोकळीक देणाऱ्या पुण्यातल्या संस्थांत सिम्बायोसिस स्कूल फॉर लिबरल आर्ट्स ही २०११ ची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर ही रचना सार्वत्रिक झाली : महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून, संलग्न महाविद्यालयांत पुढच्या वर्षापासून. आता विद्यार्थी ‘मेजर’ आणि ‘मायनर’ असेच म्हणतात. कागदावर चित्रपटाला जागा झाली, तरी महाविद्यालयाकडे तो विषय शिकवणारा माणूस असतोच असे नाही. पूर्णवेळ पद मंजूर होत नाही, आणि इंग्रजी किंवा मराठीचे प्राध्यापक कथा-पात्रांच्या अंगाने चित्रपट शिकवतात. कॅमेरा, ध्वनी आणि संकलन यांचे तपशील मागे पडतात. उन्हाळी अभ्यासक्रमात शिकून गेलेले अध्यापक जिथे आहेत तिथे ही उणीव कमी भासते.

दरम्यान मूळच्या संस्थाही बदलत होत्या. एफटीआयआयने २०१७ मध्ये ‘स्किफ्ट’ या नावाने देशभर अल्प मुदतीचे वर्ग सुरू केले, त्यांत रसास्वादही होता. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. एप्रिल २०२५ मध्ये एफटीआयआयला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि सहा दशके पदविका देणाऱ्या संस्थेला स्वतःच्या पदव्या देण्याचा मार्ग मोकळा झाला.