बेस कुणाच्या हातात?

भीमजयंतीच्या मिरवणुकीत रेणापूरच्या पोरांना ‘बेस’ हा शब्द शिकवावा लागत नाही. ‘बेस वाढव’ असं डीजेवाल्याला ओरडलं की घरावरचे पत्रे थरथरतात. या बेसशी आमचं भांडण नाही (म्हाताऱ्यांच्या कानांचा विचार करा, एवढंच). पण ब्लॅक पँथरवरून १९७२ साली दलित पँथर हे नाव घेणाऱ्या चळवळीच्या वारसांना चार्ल्स मिंगस माहीत नसावा, हे आम्हाला खटकतं.

मिंगस हा जॅझमधला बेसवादक. जन्म १९२२, वाढला लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत. पोरवयात तो चेलो वाजवायचा. ‘बिनीथ द अंडरडॉग’ या १९७१ च्या आत्मचरित्रात तो सांगतो की मित्र बडी कॉलेटने त्याला समजावलं : तू काळा, शास्त्रीय वाद्यवृंदात तुला कुणी घेणार नाही, काळ्यांचं वाद्य घे, बेस घे. हे वाचताना आम्हाला आपला गावगाडा आठवला. हलगी कुणाच्या गळ्यात आणि वीणा कुणाच्या मांडीवर, हे तिथेही हाताचं कसब बघून ठरत नव्हतं.

त्याने माणसाहून उंच असा डबल बेस घेतला. बेसवाल्याने मागे उभं राहून ठेका धरायचा आणि चाल ट्रम्पेट-सॅक्सोफोनवाल्यांनी वाजवायची, असा रिवाज होता. मिंगस न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या माजी वादकाकडे पाच वर्षं शिकला आणि त्या जाड तारांतून चाल काढू लागला. मागूनच अख्खा संच हाकायचा. लय एकदम चढवायचा, पाडायचा. साथीदारांना तो कागदापेक्षा गाऊन-वाजवून शिकवायचा, अगदी आपल्या गायन पार्टीसारखं. १९५७ चं ‘हैतियन फाइट साँग’ सुरूच होतं एकट्या बेसवर. १७९१ मध्ये बंड करून १८०४ मध्ये स्वतःचं राष्ट्र उभं करणाऱ्या हैतीच्या गुलामांची ती आठवण. १९५२ मध्ये त्याने मॅक्स रोचबरोबर स्वतःची रेकॉर्ड कंपनीही काढली. ‘मूकनायक’च्या वाचकांना याचं कारण सांगायला नको.

१९५७ मध्येच आर्कान्सा राज्याचा गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस याने लिटल रॉकच्या हायस्कूलसमोर नॅशनल गार्डचे शिपाई उभे केले, कशासाठी तर नऊ काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला. मिंगसने त्याच्यावर ‘फेबल्स ऑफ फॉबस’ रचलं. कोलंबिया या बड्या कंपनीच्या १९५९ च्या रेकॉर्डवर त्यात शब्द नाहीत. १९६० मध्ये कँडिड या छोट्या कंपनीकडे तेच शब्दांसह आलं : मिंगसने विचारायचं, ड्रमवाल्या डॅनी रिचमंडने उत्तर द्यायचं, आणि गव्हर्नरची नावानिशी टर उडवायची. सवाल-जवाबच की हा!

आपल्याकडे १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचा जलसा हेच करत होता. बाज तमाशाचाच, पण देवांच्या जागी बाबासाहेबांचा विचार. जलशाचे दिवस गेले, असं काही कार्यकर्ते म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. येत्या १४ एप्रिलला रेणापुरात तासभर डीजे थांबवून जलसा लावा, वाद घालायला आम्ही हजर आहोत. आणि डीजे पुन्हा सुरू कराल तेव्हा त्याच भोंग्यांवर एकदा ‘हैतियन फाइट साँग’ लावा.