टोकियोची देवस्थाने : वास्तू नव्या, स्थाने जुनी

असाकुसा येथील सेन्सो-जी हे टोकियोतील सर्वांत जुने बौद्ध मंदिर मानले जाते. परंपरेनुसार त्याचा आरंभ इ. स. ६२८ मध्ये झाला. प्रत्यक्षात आज तेथे दिसणारी मुख्य वास्तू १९५८ मध्ये पूर्ण झालेली, काँक्रीटची आहे आणि तिच्या छपरावरील कौले टायटॅनियम धातूची आहेत. क्योतो पाहून टोकियोला येणाऱ्या प्रवाशाचा येथे अनेकदा विरस होतो. तो अनाठायी आहे. इमारतीच्या वयावरून देवस्थानाचे वय ठरवण्याची रीत या शहराला लागू पडत नाही.

विसाव्या शतकात हे शहर दोनदा जळाले. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर भडकलेल्या आगींत आणि १० मार्च १९४५ च्या रात्रीच्या अमेरिकी हवाई हल्ल्यात प्रत्येकी सुमारे १ लाख माणसे मृत्युमुखी पडली. लाकडी मंदिरे त्यांत टिकणे कठीणच होते. सेन्सो-जी भूकंपातून वाचले, हल्ल्यातून वाचले नाही. शेजारचे असाकुसा देवालय मात्र वाचले. तिसरा तोकुगावा शोगून इएमित्सु याच्या काळात, १६४९ मध्ये बांधलेली त्याची वास्तू आजही उभी आहे. मंदिराच्या आवारात आगीत होरपळलेला आणि तरीही दरवर्षी पालवी फुटणारा गिंको वृक्ष आहे. बहुतेक पर्यटक त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात.

सेन्सो-जीची मूळ कथा साधी आहे. सुमिदा नदीत मासेमारी करणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात कान्नोन देवतेची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती आली. गावच्या मुखियाने तिचे महत्त्व ओळखून स्वतःच्या घराचे मंदिर केले. ते दोघे कोळी आणि तो मुखिया हे तिघे पुढे देवत्वाला पोहोचले व असाकुसा देवालयात पुजले जाऊ लागले. बौद्ध मंदिरात कान्नोन आणि शेजारच्या शिंतो देवालयात तिला शोधणारी माणसे, अशी ही रचना आहे. जपानमध्ये शतकानुशतके हे दोन पंथ एकाच आवारात नांदत असत. १८६८ मध्ये मेइजी राजवटीने त्यांना कायद्याने वेगळे केले. तरीही लोकांच्या मनातील सीमारेषा आजही पुसटच आहे.

भारतीय भाविकाला येथे एक गोष्ट चटकन जाणवते. देवाचे दर्शन होत नाही. सेन्सो-जीची मूळ मूर्ती गुप्त असून ती कोणालाही दाखवली जात नाही. तिच्याऐवजी असलेली प्रतिमूर्ती दरवर्षी १३ डिसेंबरला उघडी केली जाते. शिंतो देवालयांत तर बहुधा मूर्तीच नसते. आरसा किंवा तलवार यांसारख्या एखाद्या वस्तूत देवतेचा वास मानतात आणि तीही बंद दारांआड असते. नमस्कार त्या दारांना आणि त्या जागेला केला जातो. इसे येथील सर्वोच्च देवालय दर २० वर्षांनी नवे बांधले जाते, ही प्रथा ध्यानी घेतली की काँक्रीटच्या सेन्सो-जीविषयीचा आक्षेप आपोआप मावळतो.

असाकुसाचे खरे रूप मे महिन्यात, तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास दिसते. तेव्हा सांजा मात्सुरी हा उत्सव भरतो आणि परिसरातील ४४ आळ्यांची मंडळे आपापल्या पालख्या खांद्यावर घेऊन निघतात. पालखी मुद्दाम हिंदकळवतात. त्याने देवता प्रसन्न होते, अशी समजूत आहे. एरवी मंदिराकडे नेणारी सुमारे २५० मीटर लांबीची नाकामिसे ही दुकानांची रांग पर्यटकांनी भरून वाहते आणि स्थानिकांना आपल्याच मंदिरात वाट काढत जावे लागते. गर्दीचा हा बोजा दिवसेंदिवस जड होत चालला आहे.

आग पाहून बांधकामाचा विचार बदलणारी देवालयेही येथे आहेत. कांदा म्योजिनने भूकंपानंतर १९३४ मध्येच पोलाद आणि काँक्रीटचे मुख्य देवालय उभारले. पुढे १९४५ मध्ये तेच तगले. जवळच इलेक्ट्रॉनिक वस्तूंची अकिहाबारा बाजारपेठ असल्याने आता तेथे संगणक सुरक्षित राहावा म्हणूनही ताईत मिळतात.

मेइजी जिंगू हे देवालय १९२० मधले आहे, म्हणजे शहराच्या मानाने तरुणच. सम्राट मेइजी आणि सम्राज्ञी शोकेन यांना ते वाहिलेले आहे. त्याभोवतीचे सुमारे ७० हेक्टरचे घनदाट अरण्य नैसर्गिक वाटते, पण ते माणसांनी लावलेले आहे. देशभरातून आलेली सुमारे १ लाख झाडे येथे स्वयंसेवकांनी लावली. निक्को येथील देवालयासारखे देवदारासारख्या उंच सुगी वृक्षांचे वन असावे, असा तत्कालीन पंतप्रधान ओकुमा शिगेनोबु यांचा आग्रह होता. होंदा सेइरोकु आणि त्यांच्या सहकारी वनशास्त्रज्ञांनी तो मानला नाही. शहरातील धूर आणि ही जमीन सुगीला मानवणार नाही, रुंद पानांची सदाहरित झाडेच येथे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःहून वाढतील, हे त्यांनी पटवून दिले. शंभर ते दीडशे वर्षांनंतरचे वन डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी आराखडा केला. रस्त्यावर पडलेली पाने झाडून पुन्हा झाडांखालीच टाकली जातात. १९४५ मध्ये मुख्य देवालय जळाले, वन मात्र राहिले. त्याच वनात १९५८ मध्ये नवी वास्तू उभी झाली.

यानाका, नेझू आणि सेंदागी या सलग पेठांचे नशीब वेगळे. भूकंप आणि हवाई हल्ला या दोन्हींतून त्यांचा बराच भाग बचावला. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर अनेक मंदिरे यानाकात हलवण्यात आली. आजही तेथे सुमारे ७० मंदिरे गल्लीबोळांतून विखुरलेली आहेत. नेझू देवालयाच्या १७०६ च्या वास्तू मूळ स्वरूपात आहेत, आणि टोकियोत ही दुर्मीळ गोष्ट. यानाकाच्या दफनभूमीतील पाच मजली मनोरा मात्र युद्धात तगून १९५७ मध्ये जाळपोळीत गेला. त्याच्या पायाचे दगड तेवढे उरले आहेत.

या पेठा केवळ नशिबाने टिकलेल्या नाहीत. १९८४ मध्ये येथील काही महिलांनी ‘यानेसेन’ नावाचे स्थानिक नियतकालिक सुरू केले. वृद्धांच्या आठवणी, दुकानांचा इतिहास, पाडल्या जाणाऱ्या घरांची नोंद असे त्याचे स्वरूप होते. ते २००९ पर्यंत चालले आणि तिन्ही पेठांना मिळून ‘यानेसेन’ हे नाव त्यातूनच रूढ झाले. पेच अजून सुटलेला नाही. अरुंद बोळ आणि दाटीची लाकडी घरे हेच या वस्तीचे वैभव, आणि भूकंपानंतरच्या आगीला सर्वाधिक वाव देणारी तीच रचना. रस्ता रुंद केला तर पेठ जाते, न केला तर अग्निशमन दलाची गाडी आत जात नाही.

भारतीय वाचकाला ओळखीच्या काही देवताही या शहरात भेटतात. उएनो येथील शिनोबाझु तळ्यातील बेटावर बेन्झाइतेन आहे, म्हणजे वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य घेतलेली सरस्वती. शिबामाता पेठेतील मंदिर ताइशाकुतेनचे, अर्थात इंद्राचे आहे. त्याच्या भिंतींवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातील प्रसंग लाकडात कोरलेले आहेत. इंद्रापेक्षा १९६९ पासून निघालेल्या तोरा-सान चित्रपटमालेचा नायक येथे अधिक लोकप्रिय आहे, हे मात्र मान्य करावे लागेल. त्सुकिजी होंगान-जीची १९३४ ची वास्तू स्थापत्यकार इतो चुता यांनी प्राचीन भारतीय बौद्ध शिल्पावरून रचली. सुगिनामी भागातील छोट्या रेन्को-जी मंदिरात १९४५ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी ठेवलेल्या आहेत. त्यांच्याविषयीचा वाद भारतात अद्याप मिटलेला नाही. जवाहरलाल नेहरूंपासून अटलबिहारी वाजपेयींपर्यंत अनेक नेते तेथे गेले आहेत.

रीतिरिवाज अवघड नाहीत. देवालयाच्या तोरी या कमानीपाशी किंचित झुकावे आणि वाटेच्या मधोमध चालू नये, कारण तो भाग देवतेचा मानतात. पाण्याच्या कुंडावर आधी डावा, मग उजवा हात धुवावा आणि डाव्या हाताच्या ओंजळीतून चूळ भरावी. पळीला तोंड लावू नये. दानपेटीत नाणे टाकून दोनदा झुकणे, दोन टाळ्या, पुन्हा एकदा झुकणे हा देवालयातील क्रम होय. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत, नुसते हात जोडतात. पादत्राणे आवाराबाहेर काढावी लागत नाहीत. गाभाऱ्याकडील तातामी चटयांवर जायचे असेल तेव्हाच ती काढतात. गोशुइन हा शाईने लिहिलेला, लाल मोहरेचा कागद काही शे येनना मिळतो. तो दर्शनाची नोंद आहे, म्हणून नमस्कार आधी करावा.

मेइजी जिंगूची द्वारे सूर्योदयाला उघडतात आणि सूर्यास्ताला मिटतात. सेन्सो-जीचे मुख्य मंदिर सकाळी ६ वाजता, ऑक्टोबर ते मार्च या काळात ६.३० वाजता उघडते आणि ५ वाजता बंद होते. आवार मात्र रात्रभर खुले असते. दुकाने बंद झाल्यावर नाकामिसेच्या शटरवर रंगवलेली जुन्या असाकुसाची चित्रे दिसतात आणि रस्त्यावर चालायलाही जागा होते.