डब्ल्यूएमआयटी (नभोवाणी केंद्र)

डब्ल्यूएमआयटी हे अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ब्लॅक माउंटन या गावाचे ख्रिस्ती संगीत प्रसारित करणारे एफएम नभोवाणी केंद्र आहे. ते १०६.९ मेगाहर्ट्झवर ऐकू येते. गावाची लोकसंख्या सुमारे ८,४०० (२०२०) असली, तरी केंद्राचे प्रक्षेपण शेजारच्या राज्यांपर्यंत पोहोचते. व्यापारी तत्त्वावर न टिकलेले हे केंद्र पुढे धार्मिक संस्थेच्या आधाराने स्थिरावले.

नाव

अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील बहुतेक केंद्रांची नावे ‘डब्ल्यू’ या अक्षराने सुरू होतात. ‘एमआयटी’ ही अक्षरे मिसिसिपीच्या पूर्वेकडील सर्वांत उंच शिखर, माउंट मिचेल (२,०३७ मीटर), याच्या नावावरून घेतली आहेत. केंद्राचा मनोरा मात्र त्याच डोंगररांगेतील क्लिंगमन्स पीक या शिखरावर आहे. सर्वांत उंच शिखर कोणते आणि ते प्रथम कोणी मोजले, यावरून प्राध्यापक एलिशा मिचेल व राजकारणी थॉमस क्लिंगमन यांच्यात १८५० च्या दशकात वाद झाला होता. या वादातील मोजमापांची पडताळणी करताना १८५७ मध्ये मिचेल यांचा कड्यावरून पडून मृत्यू झाला. अशा रीतीने एका प्रतिस्पर्ध्याचे नाव धारण करणारे केंद्र दुसऱ्याच्या नावाच्या शिखरावर उभे आहे.

स्थापना व अडचणी

विन्स्टन-सेलम येथील वृत्तपत्रमालक गॉर्डन ग्रे यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी हे केंद्र उभारले. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अगदी सुरुवातीच्या एफएम केंद्रांत त्याची गणना होते. त्याचे मूळ नाव डब्ल्यू४१एमएम असे होते. त्यातील ‘४१’ हा आकडा ४४.१ मेगाहर्ट्झ ही कंप्रता दर्शवी.

एफएम लहरी साधारणपणे दृष्टिरेषेत प्रवास करतात. त्यामुळे मनोरा जितका उंच, तितके प्रक्षेपणक्षेत्र मोठे. या दृष्टीने शिखराची निवड योग्य होती. तथापि, वारा, बर्फ व दुर्गमता यांमुळे ते चालविणे खर्चिक ठरले. त्यातच १९४५ मध्ये अमेरिकी नियामक आयोगाने एफएमसाठी ८८ मेगाहर्ट्झपासून पुढचा नवा पट्टा निश्चित केला आणि श्रोत्यांकडील जुने संच निरुपयोगी झाले. आवाका मोठा, पण श्रोते थोडे. म्हणून जाहिरातींचे उत्पन्नही अपुरे, अशी स्थिती निर्माण झाली. १९५० मध्ये ग्रे यांनी केंद्र बंद केले. नंतर ते दुसऱ्या मालकाकडे जाऊन पुन्हा सुरू झाले.

धार्मिक प्रसारणाकडे

१९६० च्या दशकाच्या आरंभी सुप्रसिद्ध धर्मप्रसारक बिली ग्रॅहम यांच्याशी संबंधित ब्लू रिज ब्रॉडकास्टिंग या संस्थेने केंद्र ताब्यात घेतले. ग्रॅहम यांचे घर ब्लॅक माउंटनलगतच्या माँट्रीट येथे होते. नभोवाणी त्यांना नवी नव्हती. १९४४ मध्ये त्यांनी शिकागो परिसरातून ‘साँग्ज इन द नाइट’ हा कार्यक्रम चालविला होता. त्यात जॉर्ज बेव्हर्ली शे हे गायक होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या ‘अवर ऑफ डिसिजन’ या कार्यक्रमातही प्रवचनाला गायनाची जोड होती.

संगीत

केंद्रावर संगीताबरोबरच प्रवचने व बायबलवरील विवेचन प्रसारित होते. पारंपरिक स्तोत्रांची जागा पुढे मुख्यतः समकालीन ख्रिस्ती संगीताने घेतली. या संगीतात गिटार, ढोल व लोकप्रिय गीतांची चाल यांचा वापर होतो. १९७० नंतर अमेरिकेतील अनेक ख्रिस्ती केंद्रांवर असाच बदल झाला. तरुण श्रोत्यांना जोडून घेताना जुन्या स्तोत्रांवर वाढलेली पिढी दुरावू नये, हा प्रश्न त्यामुळे अशा सर्वच केंद्रांपुढे उभा राहिला.

प्रक्षेपण व महत्त्व

केंद्राची शक्ती सुमारे ३६,००० वॉट आहे. सपाट प्रदेशातील मोठ्या केंद्रांना १,००,००० वॉटपर्यंत परवानगी असते. परंतु उंचीमुळे येथे कमी शक्तीतही मोठे क्षेत्र व्यापले जाते. अ‍ॅपलाचियन पर्वतातील अनेक दऱ्यांत लहान केंद्रांचा आवाज पोहोचत नाही. तेथील विखुरलेल्या वस्त्यांसाठी शिखरावरील केंद्र उपयुक्त ठरते.

जाहिरातदाराच्या दृष्टीने असा विखुरलेला श्रोतृवर्ग लाभाचा नव्हता. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला मात्र दूरदूरच्या श्रोत्यांचा थोडाथोडा हातभारही मोलाचा असतो. त्यामुळे जी उंची पहिल्या मालकाला महाग पडली, तीच पुढे केंद्राचे मुख्य बळ ठरली.